तो त्या रात्री त्या रस्त्यावर का होता?

(प्रश्न थोडक्यात असा: काटोलकडच्या एका लेखिकेची रहस्य कादंबरी तीन प्रकरणांवर अडली आहे. तालुक्याच्या गावातला चौतीस वर्षांचा संत्र्याचा व्यापारी रात्री मोटारसायकलवरून परतताना गाडीच्या धडकेत मरण पावतो. गाडी पळून जाते. त्यानंतर गावातली एकेक गुपितं बाहेर यावीत, अशी त्यांची कल्पना. पण लिहायला बसलं की सगळं सिनेमासारखं होतं. पोलीस, दवाखाना आणि कोर्ट यांत प्रत्यक्षात काय घडतं, आणि गुपित नेमकं कुठून फुटतं, असं त्यांनी विचारलं आहे.)

ताई, तुमची तीन प्रकरणं मी दोनदा वाचली. गेली २७ वर्षं मी नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. कधी मृताच्या घरच्यांकडून उभा राहतो, कधी गाडीमालकाकडून. माणूस रस्त्यावर गेला की तालुक्याच्या गावात काय काय उकरलं जातं, ते जवळून पाहिलंय. तेवढ्यापुरतं मोकळेपणानं लिहितो.

आधी चौथ्या प्रकरणाच्या टिपणातला तो मुंबईचा पत्रकार काढून टाका. गावात बाहेरच्या माणसाला कोणी काही सांगत नाही. आणि गावातलं गुपित कोणालाच ठाऊक नसतं, हा समजच चुकीचा आहे. पानठेलेवाल्याला माहीत असतं की हा रोज रात्री खर्रा घेऊन घराकडे न वळता दुसरीकडे वळायचा. मेडिकलवाल्याला माहीत असतं की औषधं कोणाच्या नावानं जायची आणि पैसे कोण द्यायचं. शेजारणीला तिसरंच काही ठाऊक असतं. गुपित वाटून घेतलेलं असतं, प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा. माणूस जिवंत असेपर्यंत कोणी कोणाला विचारत नाही, म्हणून ते तुकडे जोडले जात नाहीत. अपघातानंतर सरकारी कागद विचारायला लागतो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. तुमचा खरा शोधक तो कागद आहे.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असं सगळं वगळून. एक बाई सासूला घेऊन माझ्याकडे दाव्यासाठी आल्या. तेरवी होऊन आठवडाच झाला असेल. त्यांनी टेबलावर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या नवऱ्याच्या वस्तू ठेवल्या: पाकीट, बंद पडलेलं घड्याळ, आणि घामानं मऊ पडलेली औषधांच्या दुकानाची एक पावती. दाव्याच्या अर्जात अपघात कुठे, किती वाजता आणि मृत व्यक्ती कुठून कुठे जात होती, हे लिहावं लागतं. मी सहज विचारलं, "कामावरून घरी येत होते ना?" बाई गप्प. मी नकाशा पाहिला. कामाची जागा एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, आणि अपघात तिसऱ्याच रस्त्यावर. सासूच बोलली, "लिहा ना बाप्पा, कामानंच गेला होता." सून मात्र त्या पावतीकडे पाहत होती. पावतीवरचं औषध लहान मुलाच्या तापाचं होतं. त्यांच्या घरात लहान मूल नव्हतं.

पुढे काय निघालं ते सांगायचा मला अधिकार नाही. पण तुमच्या कादंबरीचा कणा या प्रश्नात आहे: तो त्या रात्री त्या रस्त्यावर का होता? तुमचा व्यापारी नागपूरच्या कळमना बाजारातून परत निघालाय. काटोलला यायचं तर काटोल नाका, गोरेवाडा, फेटरी या अंगानं येईल. तो जर सावनेर रस्त्यावर पाटणसावंगीच्या टोलनाक्यापुढे पडलेला सापडला, तर नागपूरकडच्या वाचकाला कोणी काही सांगायची गरज उरत नाही. तो जागच्या जागी थबकेल. सध्या तुम्ही त्याला त्याच्याच रस्त्यावर मारलंय, म्हणून मृत्यू नुसताच दुःखाचा राहिला आहे.

आता पहिल्या रात्रीचे कागद. आपल्याकडे ठाण्यात आधी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होतो. आकस्मिक मृत्यूची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली होत असे. दोन पंचांसमोर प्रेताचा पंचनामा होतो. त्याला सगळे इन्क्वेस्टच म्हणतात. हे काम बहुतेकदा ठाणेदार स्वतः करत नाही, जमादार करतो. तो रात्रीचा थकलेला असतो, त्याच्याकडे आणखी चार प्रकरणं असतात. तुम्ही रंगवलेला कडक इस्त्रीचा, डोळे बारीक करून पाहणारा अधिकारी मला २७ वर्षांत तालुक्याच्या दवाखान्याबाहेर भेटलेला नाही.

त्या इन्क्वेस्टमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं. नातेवाइकाला विचारतात आणि लिहून घेतात: "मृत्यूबाबत आमचा कोणावरही संशय नाही." पहाटे चार वाजता, शवागाराच्या पायरीवर, घरातला जो पुरुष हजर असेल तो हे सांगतो. सख्खा भाऊ असेल, चुलत असेल, बाईचे भासरे, म्हणजे मोठे दीर, असतील. बायकोला त्या वेळी कोणी विचारत नाही. ती घरी बायकांच्या घोळक्यात असते, कित्येकदा तिला "पायाले लागलं, दवाखान्यात हाय" एवढंच सांगितलेलं असतं. सहा महिन्यांनी तिला संशय आला आणि ती ठाण्यात गेली, की तेच वाक्य तिच्यापुढे ठेवतात: "तुमच्याच घरच्यानं लिहून दिलं ना ताई." हे वाक्य तुमच्या कादंबरीत हवंच. ते कोणी सांगितलं, आणि त्या पहाटे तो माणूस इतक्या लवकर तिथे कसा पोहोचला, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

दुसरी जागा म्हणजे अंगावरच्या वस्तूंची यादी. इन्क्वेस्टमध्ये कपडे, दागिने, खिशातलं सामान यांची नोंद होते. कळमन्यात माल विकून निघालेल्या माणसाच्या खिशात तीनशे चाळीस रुपये, एक मोबाइल, एक किल्ली. बस. पैशांची थैली कुठे? संत्र्याच्या धंद्यात व्यापारी झाडावरची बाग धरतो, शेतकऱ्याला आधी बयाणा देतो आणि उरलेली रक्कम तोडणी झाल्यावर. अंबिया बहाराची तोडणी दिवाळीच्या मागेपुढे जोरात असते, म्हणजे त्या दिवसांत त्याच्याकडे पंधरा-वीस शेतकऱ्यांचं देणं असू शकतं. तो मेला की त्या प्रत्येक घरात दोन दुःखं येतात, आणि दुसरं तेरवीच्या पंगतीत बोलून दाखवता येत नाही. अपघाताच्या जागी सगळ्यात आधी कोण पोहोचलं, १०८ ला फोन कोणी केला, आणि तो करायच्या आधी काय केलं, हे तिथेच पेरा. ती किल्लीही विसरू नका. घरातल्या एकाही कुलपाला ती लागत नाही, हे बायकोला कधी कळतं ते तुम्ही ठरवा.

चालकाबद्दल तुमची समजूत साफ चुकली आहे. तुम्ही त्याला पाचव्या प्रकरणात पकडून महिनोन्महिने तुरुंगात ठेवलंय. निष्काळजीपणानं मृत्यू हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली येतो. जुन्या ३०४-अ मध्ये शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे, पण गुन्हा जामीनपात्रच आहे. धडक देऊन, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं १०६(२) कायद्यात लिहिलेलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी त्यावरूनच चक्का जाम केला होता, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं उपकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे तुमचा चालक पकडला गेला तरी बहुधा एका दिवसात घरी येईल. दुसऱ्या सकाळी तो चौकात तर्री-पोहे खाताना दिसेल, आणि मृताचा बाप त्याच ठेल्यावर चहा घ्यायला येईल. गाव लहान, ठेला एकच. तुरुंगापेक्षा हे लिहा. दोघांनी एकमेकांकडे न पाहता पैसे द्यायचे, आणि ठेलेवाल्यानं सुटे शोधत उगाच वेळ काढायचा.

चालक बदलणं हाही आपल्याकडचा जुना प्रकार. गाडी मालकाचा सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, आणि ठाण्यात हजर होतो घरचा ड्रायव्हर. कारण उघड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड सांगतं, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ही अदलाबदल पकडायची असेल तर एक बारीक गोष्ट वापरा. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो. शेजारी बसलेल्याचा उलटा, डाव्या खांद्यावरून उजवीकडे. जोरात धडक बसली की पट्ट्याचा काळानिळा वळ छातीवर तिरपा उमटतो. "मी चालवत होतो" म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या डाव्या खांद्यावर वळ आहे, हे गावातल्या न्हाव्याला दाढी करताना दिसू शकतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र मोटारसायकलची धडक एवढी जोराची वाटणार नाही. गाडी पुढे जाऊन झाडावर आदळली, असं तुम्हाला दाखवावं लागेल.

शवविच्छेदनाबद्दल थोडक्यात. अहवालात "खून" असं कोणी लिहीत नाही. मृत्यूचं कारण म्हणून "डोक्यास गंभीर इजा" एवढंच येतं. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखला तर तो नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल यायला वेळ लागतो. तुमच्या कादंबरीतल्यासारखा दुसऱ्या दिवशी येत नाही.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबवलं ते. तुमचं तिसरं प्रकरण "गाडी सापडलीच नाही" इथे थांबतं. गाडी अज्ञात राहिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालच्या योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. तेवढेच. पण गाडी सापडली आणि तिचा विमा असला, तर कलम १६६ खाली दावा लागतो. हिशेब करून पाहा. वय ३४, घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. महिन्याची कमाई पंधरा हजार धरली तर वर्षाचे १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे २,५२,०००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. ही रक्कम वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणतात, या वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,०००, आणि अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी.

दोन लाख आणि तीस लाख. या फरकात तुमची कादंबरी आहे, ताई.

समजा, तेरवी झाल्यावर गावातली चार वडीलधारी माणसं रात्री ओसरीवर बसतात. त्यातला एक म्हणतो, "तो तं गेला. आता जित्यायचं पाहा." कोणाचा तरी पिकअप आहे, विमा भरलेला आहे. त्याचा मालक मृताचा मित्र. त्याचा चालक ठाण्यात जाऊन सांगेल की धडक माझ्याच गाडीनं झाली, घाबरून पळालो होतो. जामीन मिळतो. एक साक्षीदार उभा राहील, त्यानं नंबर पाहिला होता असं सांगेल. बाईच्या पदरात तीस लाख पडतील, लेकरं शिकतील. कोणाचं काय बिघडतं?

गाडी अशी "बसवणं" हा गुन्हा आहे. अशी विचारणा घेऊन लोक माझ्यासमोर बसले आहेत, आणि मी ते कागद हातात घेतलेले नाहीत. विम्याचा पैसा हा शेवटी पुढच्या खऱ्या विधवेचा पैसा असतो, असं मला मनापासून वाटतं. पण ती माणसं वाईट नव्हती, हेही मला तितकंच वाटतं. दयेपोटी सगळं गाव एक खोटं बोलतं, आणि ते खोटं टिकवायला प्रत्येकाला आपापला खरा तुकडा गिळावा लागतो. तुम्हाला हवी असलेली गुदमर इथे आहे.

आणि आता रहस्य. ज्याच्या गाडीनं खरंच उडवलं, तो माणूस त्या ओसरीवरच बसलेला असेल तर? सगळ्यात आधी "जित्यायचं पाहा" तोच म्हणाला असेल तर? गाव दया म्हणून जे करतं आहे, त्याच्यासाठी ती सुटका आहे.

हे फुटायचं कसं? एक वाट शरीराची. वाहन धडकतं तेव्हा पायाचं हाड बंपरच्या उंचीला मोडतं. चालकानं ब्रेक दाबला असेल तर गाडीचं नाक खाली दबतं आणि इजा थोडी खाली येते. माणूस मोटारसायकलवर बसलेला असला की हे गणित बिघडतं. म्हणून तुमच्या व्यापाऱ्याला गाडी स्टँडला लावून रस्त्याच्या कडेला उभा करा. तो कोणाची तरी वाट पाहत होता, असाही अर्थ त्यातून आपोआप निघतो. मग पिकअपचा बंपर एका उंचीवर आणि अहवालातली इजा दुसऱ्या, हे विमा कंपनीच्या वकिलाच्या लक्षात येईल. दुसरी वाट त्याच्या उभ्या गाडीच्या दिव्याची. जुन्या तारेच्या बल्बची तार तापलेली असताना धक्का बसला तर ती ताणून वेडीवाकडी होते, थंड असताना बसला तर ठिसूळपणे तुटते. एलईडीत हे कळत नाही, म्हणून त्याला जुनी मोटारसायकल द्या. त्यानं मागचा दिवा चालू ठेवला होता हे ठरलं, की "अंधारात दिसला नाही" ही कबुली कोसळते. तिसरी वाट टोलची. दुचाकीला टोल नाही, पण चारचाकीचा फास्टॅग वेळेसकट नोंद ठेवतो, आणि पिकअप त्या वेळी भलत्याच नाक्यावर होता हे कंपनी शोधून काढते. तिन्ही वापरू नका. एक पुरे. मी बंपरची घेईन, कारण ती मोजायला माणसाला टेप घेऊन वाकावं लागतं.

दाव्यात आणखी एक गाठ आहे. जिवंतपणी माणूस कमाई लपवतो, प्राप्तिकरापासून, भावापासून, वाटणी मागणाऱ्या बहिणीपासून. मेल्यावर त्याच घराला ती कमाई जास्त दाखवायची असते. वरच्या हिशेबात महिन्याला साठ हजार धरा, रक्कम चौपट होते. मग कुठल्या कपाटातून ती वही निघते. वहीत शेतकऱ्यांची नावं आणि आकडे असतात, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला एका ठरलेल्या अक्षरापुढे ठरलेली रक्कम. बाईला ती वही कोर्टात दिली तर पैसे मिळतात, दिली नाही तर घराची लाज राहते. दुसऱ्या संसारातली मुलं असतील, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ती औरस मानली जातात आणि दाव्यात वारस म्हणून उभी राहू शकतात. पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात एक अनोळखी बाई सहा वर्षांच्या पोराचा हात धरून उभी आहे, पोराचे कान हुबेहूब मृतासारखे, असं काही. तुमच्या हातून ते माझ्यापेक्षा चांगलं होईल.

साक्षीदाराच्या प्रसंगात एक दुरुस्ती. तुमचा साक्षीदार ठाण्यात जबाबावर सही करतो. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यालाच ती मान्य नाही. म्हणून तर तो कोर्टात उभा राहून सरळ म्हणू शकतो, "मी असं काई सांगतलंच नव्हतं साहेब." असा साक्षीदार फितूर झाला असं आम्ही म्हणतो. गावात त्याला शहाणा झाला म्हणतात.

काळाचं भानही ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनं दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेवर वाद चालू आहे, पण कोणताही शहाणा वकील ती चुकवणार नाही. तुमच्या ओसरीवरच्या माणसांना दिवाळी ते अक्षय तृतीया एवढाच अवधी आहे. नुसत्या या मुदतीनं मधली प्रकरणं धावायला लागतील. लिहिण्याआधी दोन-तीन दिवस नागपूरला येऊन मोटार अपघाताचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात मागच्या बाकावर बसा. कामकाज खुलं असतं. उलटतपासणीत विधवेला "तुमचे पती दारू प्यायचे का?" हे किती सहज विचारलं जातं, आणि ती उत्तर द्यायच्या आधी कोणाकडे पाहते, ते तिथेच दिसेल.

आणि चौथं प्रकरण तिच्यापासून सुरू करा, त्या पत्रकारापासून नको. ती पहिल्यांदा एकटी ठाण्यात जाते, इन्क्वेस्टची नक्कल मागते. जमादार तिला बसायला सांगतो, ती बसत नाही. बाहेर कडुनिंबाखाली उभी राहून ती वाचायला लागते. पोलिसी अक्षर, तिला एकेक शब्द लावावा लागतो. निळा शर्ट, तो तिनंच इस्त्री केलेला. मोबाइल एक. रोख तीनशे चाळीस. मग "किल्ली, पितळी, एक."